नागपूरजवळ शांत पाण्यात मुलांना घेऊन कयाक किंवा ट्यूबिंग करता येईल का?

तुम्ही विचारलंय की सहा आणि दहा वर्षांच्या मुलांना घेऊन एका दिवसात जाऊन यायचं आहे, संथ पाणी हवं आहे आणि तुम्हाला स्वतःला पोहता येत नाही. तरीही जमेल. फक्त पहिल्या खेपेला नदीत ट्यूबिंग, म्हणजे हवा भरलेल्या ट्यूबवर बसून धारेसोबत जाणं, नको. आधी तलावात कयाकसारखी छोटी नाव घेऊन वल्हं हातात घ्या.

माझं आजोळ मौद्याजवळ, कन्हान नदीच्या काठी. आमच्याकडे ढिवर लोक ट्रकच्या ट्यूबवर बसून जाळं टाकतात, तेच बघत आम्ही वाढलो. ट्यूबचा पितळी वाल्व पाठीला ओरखडतो, म्हणून मामा त्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायचा. काळं रबर उन्हात इतकं तापतं की बसण्याआधी चार ओंजळी पाणी मारावंच लागतं. त्यामुळे ट्यूबचा आनंद काय असतो ते मला कोणी सांगायला नको.

पण ट्यूब धार नेईल तिकडे जाते. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत माझी मुलगी कमरेएवढ्या पाण्यात ट्यूबवर होती. धार आपल्या चालण्यापेक्षा हळू. ट्यूब काठाला सरकली, तिथे बाभळीची फांदी पाण्यावर झुकलेली. तिने घाबरून फांदी धरली. ट्यूब खालून निघून पुढे गेली, ती लटकत राहिली आणि धारेने तिचे पाय फांदीखाली ओढायला सुरुवात केली. मी चार हातांवर होतो, लाइफ जॅकेटच्या खांद्याच्या पट्ट्याला धरून तिला वर घेतलं. ते पाय अजून डोळ्यांसमोर येतात. तेव्हापासून मुलांना पाण्यात उतरण्याआधी एकच पाठ करून घेतो: फांदी दिसली की धरायची नाही, हातांनी पाणी मारत मध्ये यायचं.

कन्हानमध्ये आणखी एक गोष्ट आहे, रेतीचे खड्डे. उपसा झालेल्या जागी गुडघाभर पाण्यातून पुढचं पाऊल थेट डोक्यावर पाणी जाईल एवढ्या खोलात पडतं आणि वरून काहीच कळत नाही. म्हणून गावातल्या ढिवराला विचारल्याशिवाय, शक्यतो त्याला सोबत घेतल्याशिवाय उतरू नका. कोल्हापुरी बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर त्याच्या बरंच आधी बाहेर निघा. खाली पडलेलं पाणी मागे फिरतं आणि माणसाला भिंतीकडे खेचत राहतं, जॅकेट असलं तरी सुटणं कठीण. पेंचच्या पात्रात धरणातून पाणी कधी सुटणार हे आधी विचारा. पावसाळ्यात तर कुठल्याच नदीचं नाव घेऊ नका.

तुमच्यासाठी मी रामटेकजवळचा खिंडसी तलाव सांगेन. नागपूरहून साधारण 50 किलोमीटर, आणि तिथे बोटिंगची सोय आहे. कयाक मिळते का हे निघण्याआधी फोन करून विचारा, नाहीतर साधी वल्ह्याची नाव घ्या. धाकट्याला पुढे, तुमच्या दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये बसवा. आंभोऱ्यालाही लोक जातात. पाच नद्यांचा संगम आहे, देखणी जागा आहे, पण गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्याने पाणी खोल आणि रुंद झालंय. तिथे मोठ्या बोटीतून फिरून या, ट्यूब घरी ठेवा.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी लवकर. दुपारी वारा सुटला की हलकी ट्यूब बघता बघता मध्यावर जाते. पुढे कधी नदीत उतरलातच तर वाळकं पान पाण्यात टाका आणि काठाने त्याच्यासोबत चाला. भरभर चालावं लागलं तर मुलांना उतरवू नका. कुठे बाहेर निघायचं ती जागा आधी पायी जाऊन बघा, आणि ट्यूब एकमेकींना किंवा अंगाला बांधू नका.

लाइफ जॅकेटशिवाय चालेल असं कोणी म्हटलं तर अजिबात ऐकून घेऊ नका. 2017 च्या जुलैत वेणा जलाशयात नाव उलटून तरुण मुलं गेली, ती बातमी नागपुरात कोणी विसरलेलं नाही. मुलांना मोठ्यांचं जॅकेट घालू नका. सगळे बंद आवळून खांद्याच्या पट्ट्या धरून वर उचला. जॅकेट कानांपर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा. लहान मापाचं नसेल तर त्या दिवशी काठावर भाजी-भाकर खाऊन परत या.