हसला की मान पडते

देवगड तालुक्यातला दहावीतला मुलगा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) आठ महिन्यांत शाळेतून तीनदा निरोप आला: गणिताच्या तासाला झोपतो, डबा खाल्ल्यावर झोपतो, सहामाहीचा पेपर लिहिता लिहिता झोपला. वजन 7 किलोंनी वाढलं. आई म्हणते, खाणं तेवढंच आहे. वडिलांचं मत ठाम होतं, "कामाचो कंटाळो, दुसरा काय नाय." आईची काळजी वेगळीच. "माझ्या झिलाक बाहेरचा काय लागला नाय मा?" पहाटे त्याचे डोळे उघडतात, पण हातपाय हलत नाहीत आणि खिडकीशी कोणीतरी उभं दिसतं. देवळात गाऱ्हाणं घालून झालं होतं.

"मुलगा सारखा झोपतो" ही तक्रार घेऊन माझ्याकडे बरेच पालक येतात. बहुतेकांचं कारण साधं निघतं: रात्रीचा मोबाइल, कमी हिमोग्लोबिन, थायरॉइड, घोरण्यात अडकणारा श्वास. या वयात 8 ते 10 तास झोप लागते आणि शरीराचं घड्याळही उशिरा सरकतं. म्हणून आधी दोन आठवड्यांची झोपेची वही लिहायला सांगितली: किती वाजता आडवा झाला, किती वाजता उठला, दिवसा कधी आणि किती वेळ डुलकी. वहीत रात्रीचे साडेआठ तास भरत होते. तरी दिवसातून चारपाच डुलक्या. वीस मिनिटं झोपला की टवटवीत, आणि दीड-दोन तासांत पुन्हा डोळे मिटायला लागत. आळशी मुलाची वही अशी दिसत नाही.

मग नेमका प्रश्न विचारला: "हसताना कधी गुडघ्यातलं बळ गेल्यासारखं होतं का रे?"

आईबाबा एकमेकांकडे बघत राहिले. मुलगा म्हणाला, होतं. जत्रेत दशावतारात संकासुर आला, हसू फुटलं आणि मान छातीवर पडली. हातातली खाज्याची पुडी सांडली. अर्धा मिनिट उचलता आली नाही, पण आजूबाजूचं सगळं ऐकू येत होतं. मित्रांना वाटलं, नाटक करतोय. घरी त्याने सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. ही फिट नव्हे. मोठ्या फिटमध्ये शुद्ध हरपते आणि नंतर माणूस गोंधळलेला असतो. इथे शुद्ध पूर्ण शाबूत. याला कॅटाप्लेक्सी म्हणतात, आणि दिवसाच्या अनावर झोपेसोबत ती असेल तर नार्कोलेप्सीची, म्हणजे जाग आणि झोप यांच्यावरचा मेंदूचा ताबा सुटण्याच्या आजाराची, शंका घ्यायलाच हवी.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस असतो. त्याच्याच कडेच्या भागातल्या हजारो पेशी ओरेक्सिन नावाचं पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, तयार करतात. 1998 मध्ये दोन गटांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. एकाने भुकेच्या ग्रीक शब्दावरून ओरेक्सिन म्हटलं, दुसऱ्याने हायपोक्रेटिन. जागेपण सांभाळणाऱ्या केंद्रांना ते दिवसभर "चालू राहा" असा निरोप देतं. पोटातून येणारं, भूक वाढवणारं घ्रेलिन या पेशींना चेतवतं, चरबीतून येणारं, भूक शमवणारं लेप्टिन त्यांना शांत करतं; म्हणून झोप, भूक आणि वजन एकाच दोरीला बांधलेले आहेत. 2000 साली नार्कोलेप्सीच्या रुग्णांच्या मेंदूंत या पेशी बहुतांश नष्ट झालेल्या आढळल्या.

निरोप थांबला की जाग आणि झोप यांच्यातला कुंपणाचा गडगा ढासळतो. स्वप्नाच्या झोपेत स्नायू सैल पडावेत अशी योजनाच आहे, नाहीतर आपण स्वप्नातलं सगळं अंथरुणात करू. ते सैलपण हसताना मधेच घुसतं, तेव्हा मान पडते. पहाटे ते जाग आल्यावरही रेंगाळतं आणि स्वप्न उघड्या डोळ्यांपुढे चालू राहतं, तेव्हा खिडकीशी माणूस उभा दिसतो. एवढं समजल्यावर आई बराच वेळ रडली. बाधा नाही हे तिने तीनदा विचारून घेतलं.

तपासणीसाठी मेंदूरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. रात्रभराची झोपतपासणी, मग दुसऱ्या दिवशी दोन-दोन तासांनी डुलक्यांच्या पाच संधी. सरासरी 8 मिनिटांत किंवा त्याआधी झोप लागली आणि किमान दोनदा थेट स्वप्नाची झोप आली, तर निदानाला बळ मिळतं. इथे हमखास चूक होते ती अशी: घरचे आदल्या आठवड्यात पहाटे अभ्यासाला उठवतात आणि निकाल बिघडतो. नैराश्याच्या काही गोळ्यांनीही फरक पडतो; पण त्या मनाने बंद करायच्या नाहीत, अचानक थांबवल्या तर कॅटाप्लेक्सी उसळते.

निदान पक्कं झालं. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, आणि ओरेक्सिन गोळीतून देता येत नाही, पोटात ते पचून जातं. जाग टिकवायचं औषध डॉक्टरांनी सुरू केलं. बाकीचं वेळापत्रक आम्ही बसून ठरवलं: रात्री साडेनऊला झोप, सुट्टीतही उठायची वेळ तीच, मधल्या सुट्टीत आणि घरी आल्यावर गजर लावून वीस-वीस मिनिटं, दुपारच्या डब्यात भात कमी, डाळ आणि मासळी जास्त. शाळेला लेखी कळवल्यावर शिक्षकांच्या खोलीतला बाक मिळाला.

वडिलांचा शेवटचा प्रश्न हंगामाचा होता. एप्रिलमध्ये कलमावर चढून घळीने, म्हणजे जाळीच्या काठीने, आंबे कोण काढणार? त्याला चढवायचं नाही, कठडा नसलेल्या विहिरीवर एकटा पाठवायचा नाही, खाडीत एकट्याने पोहायला सोडायचं नाही, डॉक्टर सांगेपर्यंत गाडी नाही. "मग घळ मी धरतंय," वडील म्हणाले, "तू खाली बसून आंबे निवड."