गिझर 230 व्होल्टवर 8.7 अँपिअर घेतो, तर त्याचा रोध आणि शक्ती किती?

रोध सुमारे 26.4 ओहम आणि शक्ती साधारण 2000 वॅट. ओहमच्या नियमानुसार व्होल्टला अँपिअरने भागलं की रोध येतो, आणि दोन्हींचा गुणाकार केला की वॅट. व्होल्टेज 200 वर उतरलं तरी कॉइलचा रोध जवळपास तेवढाच राहतो, त्यामुळे करंट 7.6 अँपिअर होतो आणि शक्ती थेट 1515 वॅटवर येते. पाणी उशिरा तापतं ते म्हणूनच. मात्र मिक्सर, पंप अशा मोटरच्या वस्तूंना हे जसंच्या तसं लावू नका, तिथे गुणाकाराला पॉवर फॅक्टरनेही (त्या गुणाकारातला किती भाग खरी शक्ती आहे ते सांगणारा, सहसा 1 पेक्षा कमी आकडा) गुणावं लागतं. करंट मोजायला पुण्याच्या तपकीर गल्लीतून क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा मीटर) आणलात, तर तो फक्त फेजच्या वायरभोवती लावा. फेज आणि न्यूट्रल एकत्र धरले तर शून्यच दाखवेल.