पशुपालन प्रश्नोत्तरे : बर्ड फ्लू

प्रश्न : परसात पंचवीस गावठी कोंबड्या आहेत. दोन दिवसांत सहा मेल्या. राणीखेत (कोंबड्यांचा दुसरा एक साथीचा रोग) समजून पुरल्या, पण शेजारी बर्ड फ्लू म्हणतात. ओळखायचं कसं?

उत्तर : नुसतं बघून खात्री होत नाही. तुरा निळा-जांभळा पडणं, डोकं सुजणं, पायाच्या नळीवर रक्ताचे ठिपके दिसले की बर्ड फ्लूचा संशय घ्यावा. मान वाकडी, हिरवी हगवण म्हणजे राणीखेत, असं लोक धरून चालतात; पण लक्षणांची सरमिसळ होते, कधी काहीच न दिसता पक्षी पटापट मरतात. खरा निकाल भोपाळच्या सरकारी पशुरोग प्रयोगशाळेतूनच येतो. तेव्हा यापुढे मेलेला पक्षी परस्पर पुरू नका, कापून तर मुळीच बघू नका. पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा. घरी बदकं असतील तर तेही सांगा. ती धडधाकट दिसूनही विषाणू पसरवतात.

‘कळवलं तर सगळ्याच मारतील’ ही भीती खोटी नाही. रोग सिद्ध झाला की १ किलोमीटरच्या आतले पक्षी मारतात. मात्र भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. गप्प बसणं महागात पडतं ते इथे.

खुराड्यातून बाहेर येताना बूट आधी साबणाने घासा, मगच जंतुनाशकात बुडवा. विष्ठा चिकटलेली असेल तर औषधाचा जोर तिच्यातच संपतो. थंडीत जास्त जपा : ४ अंश तापमानात विषाणू विष्ठेत महिनाभर टिकतो, ३७ अंशांत सहाएक दिवस.

प्रश्न : गाई-वाघांनाही हा रोग झाला म्हणे. मग दूध-अंडी खावीत का?

उत्तर : झाला आहे. १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंगमधल्या हंसांत सापडलेला एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू २००६ मध्ये नवापूरला आला, ती भारतातली पहिली साथ. २०२४ मध्ये तो अमेरिकेतल्या दुभत्या गाईंत आढळला, आणि त्याच वर्षाअखेरीस नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या त्याने दगावले. दूध उकळून प्या. अंडी-चिकन आतपर्यंत ७० अंशांवर शिजलं पाहिजे; साथ असताना हाफ फ्राय नकोच. चिकनची कच्ची आतडी मांजरापुढे टाकायची सवयही मोडा, मांजरं या विषाणूने मरतात.

प्रश्न : कोंबड्यांना लस का देत नाहीत?

उत्तर : चीनमध्ये देतात, फ्रान्समध्ये २०२३ पासून बदकांना देतात. पण लस टोचलेला पक्षी न मरता विषाणू सोडत राहू शकतो, म्हणून सतत तपासणी लागते. भारतात एच५एन१ची लस द्यायला परवानगी नाही. कुणी चोरून विकत असेल तर घेऊ नका.