बदलत्या परिस्थितीत सॉफ्टवेअर एजंट माहिती वाटून समन्वय कसा साधतात?

प्रत्येक एजंटने, म्हणजे स्वतःचे निर्णय स्वतः घेणाऱ्या प्रोग्रामने, स्वतःला कळलेले सगळे इतरांना सांगून टाकले तर समन्वय आपोआप साधणार नाही का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते नाही, आणि त्याचे कारण रोबोकप या यंत्रमानवांच्या स्पर्धेतील सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरच खेळल्या जाणाऱ्या, फुटबॉलमध्ये चांगले दिसते. १९९७ साली जपानमधील नागोया येथे सुरू झालेल्या या स्पर्धेच्या सिम्युलेशन विभागात संघातले ११ खेळाडू म्हणजे ११ स्वतंत्र प्रोग्राम असतात. त्यांना सामायिक मेमरी नसते, नजरेच्या टप्प्यातले मैदानही काहीसे चुकीच्या अंतरांनिशी दिसते आणि दर १०० मिलिसेकंदांनी पुढची कृती ठरवावी लागते. बोलता येते, पण आजच्या नियमांनुसार एका संदेशात जेमतेम १० अक्षरे मावतात आणि ती ५० मीटरच्या आतच ऐकू जातात.

दहा अक्षरे वाटतात तितकी अपुरी नाहीत. १०५ बाय ६८ मीटरच्या मैदानाच्या २० सेंटिमीटरच्या चौकटी पाडल्या, तर त्या सुमारे १ लाख ७८ हजार होतात, आणि वापरता येणारी चिन्हे सत्तरच्या आसपास असल्यामुळे चेंडूची जागा तीन अक्षरांत बसते. खरी अडचण माहितीच्या वयाची आहे. विद्यार्थिदशेत आम्ही लिहिलेल्या संघात ऐकीव माहिती आणि स्वतः पाहिलेली माहिती यांत फरकच केलेला नव्हता. एकाने पाहिलेली चेंडूची जागा दुसरा ऐके, ती ताजी समजून तिसऱ्याला सांगे आणि कानगोष्टींच्या या खेळात आमचे तीन खेळाडू रिकाम्या कोपऱ्याकडे धावत सुटत. (चेंडू तोवर आमच्याच गोलमध्ये गेलेला असे.) पुढे प्रत्येक नोंदीसोबत ती कुणी आणि कोणत्या क्षणी पाहिली हे ठेवले, दर क्षणाला तिच्यावरचा विश्वास थोडा घटवला आणि ऐकीव माहिती पुढे सांगणे बंद केले, तेव्हा ही धावाधाव थांबली.

संदेशांचा भार हलका करण्याचा दुसरा मार्ग पीटर स्टोन आणि मॅन्युएला व्हेलोसो यांनी दाखवला. १९९८ आणि १९९९ साली विजेता ठरलेल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या त्यांच्या संघात व्यूहरचना, भूमिका आणि ठरावीक चाली सामन्याआधीच सर्वांना दिलेल्या असत. या तजविजीला त्यांनी ‘लॉकर रूम करार’ म्हटले. किती वेळ उरला आणि गोलफलक काय आहे हे प्रत्येकाला ठाऊक असल्यामुळे, कोणत्या स्थितीत बचाव सोडून चढाई करायची हे आधी ठरलेले असले, की एकही शब्द न बोलता अकराही जण व्यूह बदलू शकतात.