शंभर माणसांना कमी खर्चात घरच्या घरी काय जेवू घालता येईल?

वाढदिवस किंवा वास्तुशांतीनंतरच्या संध्याकाळी शंभर माणसे येणार असतील आणि केटररचा ताटाचा दर परवडत नसेल, तर पोळ्या आणि दोन-तीन भाज्यांचा घाट न घालता एकच भरपेट पदार्थ ठेवावा. माझ्या मते त्यासाठी मिसळीला तोड नाही.

दर माणशी पन्नास ग्रॅम धरल्यास 5 किलो कोरडी मटकी पुरते, कारण मोड आल्यावर ती दुपटीहून अधिक होते. मटकी रात्रभर भिजवून पुढचा दिवसभर फडक्यात बांधून ठेवावी लागत असल्याने तयारी दोन दिवस आधी सुरू करावी. उसळ बेताच्या तिखटाची करून कट वेगळ्या पातेल्यात ठेवावा, म्हणजे मुले आणि वयस्कर मंडळी उसळीवर भागवतात आणि झणझणीत खाणारे हवी तेवढी तर्री ओतून घेतात. कट आटला, तर त्यात उकळते पाणीच घालावे. सुमारे 4 किलो फरसाण आणि तीनशे पाव लागतील. पावाच्या लाद्या दुकानाऐवजी थेट बेकरीतून आदल्या दिवशी सांगून घेतल्यास स्वस्त पडतात.

सोबत मठ्ठा आणि 5 किलो जिलेबी पुरे. मोठी पातेली आणि गॅसची भट्टी मंडपवाल्याकडून भाड्याने मिळते. खरी बचत मात्र वाढण्यात आहे: फरसाण आणि जिलेबी घरच्याच कोणीतरी वाढावी, कारण बुफेत नेमके हेच दोन पदार्थ आधी संपतात.