बिडाचा तवा चिकट का होतो?

प्रश्न : खानापूरच्या बाजारातून बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा आणला. आठवडाभर रोज तेल लावून ठेवला, तरी वर चिकट थर बसलाय आणि आंबोळी उलटताना फाटते. काय चुकलं? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : तेल जास्त झालं आणि आच कमी पडली. नुसतं तेल लावून ठेवल्याने तवा मुरत नाही. तेल तापून धातूवर कडक थर बसावा लागतो. जाड लावलं की ते अर्धवट सुकून चिकटतं. जाडं मीठ आणि काथ्याने तो चिकट थर घासून काढा, गरम पाण्याने धुवा, गॅसवर पूर्ण कोरडा करा. मग दहा इंची तव्याला अर्धा चमचा शेंगतेल चोळा आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्या, अगदी तेल लावलंच नाही असं वाटेपर्यंत. धूर येऊन थांबेपर्यंत तापवा, आपोआप निवू द्या. असं चार-पाच वेळा. तापल्या तव्यावर गार पाणी ओतू नका. बीड ठिसूळ, तडकतं.

आंबोळीआधी मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटं तापवा, अर्धा कांदा तेलात बुडवून फिरवा. कड सुटल्याशिवाय उलथनं घालू नका. चिंच-आमसुलाचं काही इतक्यात नको, आंबटाने थर उतरतो. तुमच्याकडच्या पावसात धुतलेला तवा निथळत ठेवलात तर सकाळी गंज ठरलेला.