टोलमुळे मुंबईकरांचं लोणावळा-अलिबाग फिरणं कमी होतं का?

मुक्कामाच्या सहलीवर फारसा परिणाम नाही, एका दिवसाच्या सहलीवर नक्की होतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारचा पूर्ण टोल 2023 पासून 320 रुपये, म्हणजे जाऊन-येऊन फार तर 640. चौघांत माणशी जास्तीत जास्त 160. मुक्काम केला तर हॉटेलच्या बिलापुढे हे किरकोळ. पण सकाळी जाऊन रात्री परतणारा तेवढ्यापुरता चिक्की आणि जेवणाच्या खर्चात हात आखडता घेतो. तोटा तिथल्या छोट्या दुकानदाराचा, आणि तो कुठल्याच हिशेबात दिसत नाही! बसचा पूर्ण टोल जाऊन-येऊन 1880, पण 40 प्रवाशांत माणशी 47 रुपयेच.

मालाचं गणित वेगळं. दोन आसांच्या ट्रकचा पूर्ण टोल एकेरी 685. नऊ टन भाजी वाशीला आणून रिकामा परतला तरी किलोमागे साधारण 15 पैसे. त्यामुळे भाजी महागण्याचं खापर एकट्या टोलवर फोडू नये.

ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाचही वेशींवर कारला टोल नाही. 3000 रुपयांचा वार्षिक फास्टॅग पास मात्र राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर तो चालत नाही. अलिबागला अटल सेतूवरून जाणार असाल तर एकेरी 250 रुपये धरा.